सर्व्हर रूमला किती टनाचा एसी लागतो? या गणिताचा पाया बिअर बनवणाऱ्याच्या पोरानं घातलाय

तुम्ही हे वाचताय म्हणजे या क्षणी कुठंतरी एक सर्व्हर चालू आहे. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असेल, नाहीतर थेट परदेशात. लोखंडी कपाटासारख्या रॅकमध्ये एकावर एक सरकवलेली ही चपटी मशीन्स चोवीस तास सुरू असतात. पुढून गार हवा ओढतात आणि मागून गरम झळा सोडतात.

अशी खोली उभी करताना इंजिनियर लोकांपुढं दोन प्रश्न असतात. वीज किती लागणार? आणि खोली थंड ठेवायला एसी किती लागणार?

वरवर पाहिलं तर हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. खरं तर त्यांचं उत्तर एकाच आकड्यात आहे. सर्व्हरनं जेवढी वीज खाल्ली, तेवढीच उष्णता खोलीत येते. कमी नाही, जास्त नाही.

आज हे कुणीही सहज सांगेल. पण ज्या माणसानं हे पहिल्यांदा मोजून दाखवलं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला त्या काळातले मोठमोठे शास्त्रज्ञ तयार नव्हते. त्याच्याकडे पदवी नव्हती, कुठल्या कॉलेजात नोकरी नव्हती. घरचा धंदा होता बिअर बनवायचा.

त्याचं नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. शाळेच्या पुस्तकात ऊर्जेचं एकक म्हणून आपण पाठ केलेला, तोच हा ज्यूल.

ब्रुअरीच्या शेजारचं घर

२४ डिसेंबर १८१८. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅल्फर्ड गावात जेम्सचा जन्म झाला. वडील बेंजामिन ज्यूल हे पैसेवाले ब्रुअर होते आणि घर ब्रुअरीच्या शेजारीच होतं. जेम्स लहानपणी नाजूक होता, पाठीच्या कण्याचा त्रास होता. त्यामुळं त्याचं शिक्षण घरीच शिक्षक बोलावून झालं.

१८३४ मध्ये वडिलांनी जेम्सला आणि त्याच्या मोठ्या भावाला शिकायला पाठवलं ते थेट जॉन डाल्टनकडे. अणूचा सिद्धांत मांडणारा तोच डाल्टन. पुढं डाल्टनला पक्षाघात झाला आणि ही शिकवणी थांबली. पण तोपर्यंत पोराला मोजमापाचं वेड लागलं होतं.

विजेचं तर विचारूच नका. हे दोघे भाऊ एकमेकांना विजेचे झटके द्यायचे, आणि घरातले नोकरही त्यांच्या तावडीतून सुटायचे नाहीत.

मोठा झाल्यावर जेम्स ब्रुअरीच्या कामात लागला. आता ब्रुअरी म्हणजे काय? पाणी किती तापवायचं, किती वेळ तापवायचं, आणि कोळसा किती जाळायचा. एखादा अंश इकडं-तिकडं झाला की अख्खा माल बिघडणार. तापमान काटेकोर मोजायचा हात त्याला या धंद्यानं दिला, असं विज्ञानाचे काही इतिहासकार सांगतात.

सुरुवात झाली ती खर्चाच्या हिशोबातून

१८३० च्या दशकात इलेक्ट्रिक मोटर हे नवं खूळ होतं. बऱ्याच लोकांना वाटायचं की आता कोळशाची वाफेची इंजिनं जाणार आणि बॅटरीवरच्या मोटरी येणार. ताकद जवळपास फुकट मिळणार. ज्यूललाही तसंच वाटलं. ब्रुअरीतल्या वाफेच्या इंजिनाच्या जागी मोटर बसवली तर?

त्यानं घरच्याच प्रयोगशाळेत मोटरी बनवल्या. १८३८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याचा पहिला लेख छापून आला. मग तो हिशोबाला बसला. त्या काळच्या बॅटरीत जस्त खर्च व्हायचं. एक पाउंड जस्तातून किती काम निघतं आणि एक पाउंड कोळशातून किती, हे त्यानं ताडून पाहिलं. कॉर्नवॉलच्या खाणींवरच्या चांगल्या वाफेच्या इंजिनाशी तुलना केली, तर जस्तातून पाव भागही काम निघत नव्हतं. त्यात जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग.

मोटरचा विषय तिथंच संपला. पण हा हिशोब करताना ज्यूलच्या लक्षात एक गोष्ट आली. तारेतून वीज गेली की तार तापते. म्हणजे विजेचा काही भाग उष्णतेत जातोय. मग नेमका किती?

त्यानं तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, करंट सोडला आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरनं पाहिलं. करंट दुप्पट केला, तर उष्णता दुप्पट झाली नाही. चौपट झाली. करंट तिप्पट केला की नऊ पट. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणं वाढते आणि तारेच्या रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाढते, असा नियम त्यानं मांडला. साल होतं १८४० आणि वय फक्त २१.

त्यानं हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवला. सोसायटीनं त्याचा छोटा सारांश तेवढा छापला. पूर्ण निबंध १८४१ मध्ये दुसऱ्याच मासिकात आला.

हा नियम रॅकमध्ये कुठं दिसतो?

एका रॅकचं उदाहरण घेऊ. समजा रॅकमध्ये २० सर्व्हर आहेत आणि प्रत्येक सर्व्हर चालताना ४०० वॉट घेतो. एकूण झाले ८ किलोवॉट. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर याचा करंट साधारण ३५ अँपिअर येतो.

३२ अँपिअरच्या एका लाइनवर हे बसत नाही. २३० गुणिले ३२ म्हणजे ७.३६ किलोवॉट, तेही लाइन काठोकाठ भरल्यावर. काठोकाठ कुणी भरत नाही, चोवीस तासांच्या लोडला साधारण २० टक्के जागा मोकळी ठेवतात. म्हणजे वापरायला उरले ५.९ किलोवॉट. त्यामुळं अशा रॅकला दोन लाइन लागतात किंवा थ्री फेज कनेक्शन द्यावं लागतं.

ही २० टक्क्यांची काटकसर कशासाठी, तर ज्यूलच्या त्या वर्गासाठी. करंट २० टक्के वाढला की वायरीतली उष्णता ४४ टक्के वाढते. ढिला बसलेला प्लग, बारीक वायर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेली चार मशीन्स, या सगळ्यातून जळका वास येतो त्याचं कारण हेच आहे. लोड थोडासाच वाढलाय असं आपल्याला वाटतं, पण वायरीतली उष्णता वर्गानं वाढत असते.

सभागृहात शांतता

पुन्हा ज्यूलकडे येऊ. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानायचे की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे. त्याला कॅलरिक म्हणायचे. हा द्रव एका वस्तूतून दुसरीत वाहतो, पण नव्यानं तयार होत नाही आणि नाहीसाही होत नाही, अशी समजूत होती.

ज्यूलचे प्रयोग वेगळंच सांगत होते. त्यानं पाण्यात बुडवलेलं तारेचं वेटोळं चुंबकांमध्ये फिरवलं. फिरवायला ताकद लागली, त्यातून वीज तयार झाली आणि पाणी तापलं. इथं ना बॅटरी होती, ना आग. मग ही उष्णता आली कुठून? फिरवणाऱ्या ताकदीतून. म्हणजे उष्णता तयार करता येते आणि ठरावीक कामाला ठरावीकच उष्णता मिळते.

ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ब्रिटिश असोसिएशनच्या बैठकीत त्यानं हे मांडलं. समोर शांतता. कुणाला फारसं काही वाटलंच नाही. १८४४ मध्ये त्यानं हवा दाबून आणि पसरवून केलेल्या प्रयोगांचा निबंध रॉयल सोसायटीला पाठवला, तो परत आला.

असं का झालं? एक तर तो ब्रुअर होता, प्राध्यापक नव्हता. दुसरं म्हणजे त्याचा सगळा दावा तापमानातल्या अगदी बारीक फरकांवर उभा होता. अंशाचा शंभरावा भाग मी वाचू शकतो असं कुणी म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? पण मँचेस्टरमध्ये जॉन बेंजामिन डान्सर नावाचा एक अव्वल उपकरणं बनवणारा होता. त्यानं ज्यूलला इतके नाजूक थर्मामीटर करून दिले होते की ही वाचनं खरोखरच घेता यायची.

मग ज्यूलनं असा प्रयोग रचला की पुढं जगभरच्या पुस्तकांत त्याचं चित्र छापलं गेलं. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात पितळेची पाती. पात्यांना दोरी आणि दोरीला कप्पीवरून टांगलेली वजनं. वजनं खाली येतात, पाती फिरतात, पाणी घुसळलं जातं. ताकाची रवी डोळ्यापुढं आणा, जवळपास तसंच. वजनं वर घ्यायची आणि पुन्हा सोडायची, असं २० वेळा. एवढं करून पाणी तापायचं ते जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट.

पण त्या अर्ध्या अंशातून त्यानं जो आकडा काढला, तो प्रत्येक वेळी त्याच आसपास येत होता.

ऑक्सफर्डला नशीब फिरलं

जून १८४७ मध्ये ऑक्सफर्डला पुन्हा ब्रिटिश असोसिएशनची बैठक होती. अध्यक्षांनी ज्यूलला आधीच सांगून टाकलं की पूर्ण निबंध वाचू नका, थोडक्यात आटपा. यावेळीही विषय तसाच गुंडाळला गेला असता. पण एक तरुण उभा राहिला आणि प्रश्न विचारू लागला. तो होता विल्यम थॉमसन, वय जेमतेम २३, आणि तेवढ्या वयात ग्लासगोला प्राध्यापक. पुढं जग त्याला लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागलं.

थॉमसनला ज्यूलचं सगळं पटलं नव्हतं, पण हा माणूस दुर्लक्ष करण्यासारखा नाही हे त्यानं ओळखलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्यूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं. नवरा-बायको हनिमूनला आल्प्सच्या भागात गेले. तिथं रस्त्यात थॉमसनची गाठ पडली, तेव्हा ज्यूलच्या हातात लांबलचक थर्मामीटर होता आणि तो धबधब्याचं पाणी वरून खाली पडल्यावर किती तापतं ते मोजायला निघाला होता, असा किस्सा थॉमसननं बऱ्याच वर्षांनी सांगितला. अभ्यासक त्यातल्या तपशिलांवर शंका घेतात. पण ज्यूलच्या स्वभावाला हा किस्सा इतका शोभतो की तो आजही सांगितला जातो.

१८४९ मध्ये मायकेल फॅरडेनं ज्यूलचा नवा निबंध रॉयल सोसायटीपुढं मांडला आणि १८५० मध्ये तो छापून आला. त्यात आकडा होता ७७२. म्हणजे ७७२ पाउंड वजन एक फूट खाली आलं, तर त्या कामातून एक पाउंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापतं. आजचा आकडा ७७८ च्या आसपास आहे. दोरी, कप्पी आणि थर्मामीटर घेऊन केलेल्या मोजमापात एक टक्क्याहूनही कमी फरक!

तरी निबंध तपासणाऱ्या समितीनं एक वाक्य काढायला लावलंच. घर्षण म्हणजे कामाचं उष्णतेत रूपांतर, हा निष्कर्ष त्याला छापता आला नाही. आकडा मान्य, पण त्याचा अर्थ मान्य नाही, असा प्रकार. त्याच १८५० मध्ये ज्यूल रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

जर्मनीतल्या रॉबर्ट मायर नावाच्या डॉक्टरनं १८४२ मध्येच हाच विचार मांडला होता. पहिला कोण यावरून पुढं मोठा वाद पेटला. आज दोघांनाही श्रेय दिलं जातं, पण वर्षानुवर्षं प्रयोग करून तो आकडा पक्का केला तो ज्यूलनं.

आता एसीचा हिशोब

सर्व्हर काही वजन उचलत नाही, गाडी ओढत नाही. तो आकडेमोड करतो आणि त्याचे पंखे हवा ढकलतात. शेवटी या सगळ्याची उष्णताच होते. म्हणून रॅकमध्ये ८ किलोवॉट गेले की ८ किलोवॉट उष्णता बाहेर येणार.

एसीची भाषा मात्र टनाची. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजेच साधारण ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढायची ताकद. ८ भागिले ३.५१७ केलं की येतात २.२७ टन. ही फक्त सर्व्हरची गरज. त्यात यूपीएसची उष्णता, दिवे, भिंतीतून येणारं ऊन आणि आत काम करणारी माणसं मिळवायची. शांत बसलेला माणूसही साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. म्हणजे एका रॅकला घरातला दीड टनाचा एक एसी पुरत नाही. दोन बसवले तरी एक बंद पडला की दुसरा कमी पडतो, म्हणून गरजेपेक्षा एक युनिट जास्तीचं ठेवतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वीज गेल्यावर. छोट्या ऑफिसांमध्ये सर्व्हर यूपीएसवर असतो आणि एसी नसतो. लाइट गेली की सर्व्हर चालूच राहतो, म्हणजे ८ किलोवॉट उष्णता चालू राहते आणि थंडावा बंद. खोली ४ मीटर बाय ५ मीटर, उंची ३ मीटर धरा. आतल्या हवेचं वजन ७२ किलोच्या आसपास भरतं. फक्त हवेचा हिशोब केला तर दर ९ सेकंदांना तापमान १ अंश सेल्सिअसनं वाढायला हवं. भिंती आणि लोखंड बरीच उष्णता शोषून घेतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो. तरी हातात वेळ असतो तो मिनिटांत, तासांत नाही. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी शिफारस आहे, ती मर्यादा बघता बघता ओलांडली जाते. बॅटरी तासाभराची घेतली आणि थंडाव्याची सोय केलीच नाही, तर त्या तासाभराचा उपयोग काय?

बिलाचंही तसंच. ८ किलोवॉट वर्षभर चालले की ७०,०८० युनिट होतात. एसी, यूपीएसमधली गळती वगैरे धरून खोलीला एकूण दीडपट वीज लागत असेल, तर युनिट होतात १,०५,१२०. या पटीला डेटा सेंटरवाले पीयूई म्हणतात. ती एकाच्या जितकी जवळ, तितकं काम चोख.

थंडाव्यातही ज्यूल आहेच

१८५२ पासून ज्यूल आणि थॉमसननं जोडीनं काम केलं. थॉमसन गणितात पक्का, ज्यूलचा प्रयोगात हात बसलेला. दाबलेला वायू बारीक वाटेतून सोडला की त्याचं तापमान बदलतं, आणि हवेसारखे वायू नेहमीच्या तापमानाला थोडे गार होतात, हे त्यांनी दाखवलं. याला ज्यूल-थॉमसन परिणाम म्हणतात. १८९५ मध्ये कार्ल लिंडेनं हवेचा द्रव बनवला तो याच तत्त्वावर.

पण घरात मात्र वाईट दिवस आले. १८५४ मध्ये बाळंतपणानंतर अमेलिया गेली आणि तान्हं बाळही गेलं. पदरात दोन लहान मुलं राहिली. त्याच सुमारास घरची ब्रुअरी विकली गेली. ज्यूल आधीपासूनच लाजरा होता, आता आणखी आत आत गेला. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही.

काम मात्र थांबलं नाही. १८६७ मध्ये त्याच्याकडे एक अवघड काम आलं. रेझिस्टन्सचं प्रमाण एकक, म्हणजे ओम, नुकतंच ठरलं होतं. ते वापरून, विजेनं पाणी तापवून ज्यूलनं आपला आकडा पुन्हा काढला. तो जुन्या आकड्याशी जुळेना. फरक एक टक्क्याहून जास्त. मग चूक कुणाची? ज्यूलनं साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा पाण्यात पाती फिरवली आणि १८७८ मध्ये उत्तर दिलं, ७७२.५५. जुनं मोजमाप बरोबर होतं. चूक निघाली ती प्रमाण म्हणून ठरवलेल्या ओममध्येच.

१८७० मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं होतं. पण आयुष्यभर स्वतःच्या खिशातून प्रयोग करून पैसे संपले होते. १८७८ मध्ये सरकारनं त्याला वर्षाला २०० पाउंड पेन्शन मंजूर केली, तेव्हा कुठं घर चालायची सोय झाली.

१८८९ च्या उन्हाळ्याच्या शेवटी पॅरिसमध्ये जगभरच्या विद्युत तज्ज्ञांची परिषद भरली. तिथं दोन एककं स्वीकारली गेली. ऊर्जेसाठी ज्यूल आणि शक्तीसाठी वॉट. सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॉट. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ ऑक्टोबर १८८९ रोजी, मँचेस्टरजवळच्या सेल गावात ज्यूलनं शेवटचा श्वास घेतला. त्याच्या थडग्यावर नावासोबत एक आकडा कोरलाय, ७७२.५५.

आज एकेका रॅकची भूक ८ किलोवॉटवर राहिलेली नाही. एआयच्या कामासाठी लागणारे रॅक याच्या कितीतरी पट वीज खातात. एवढी उष्णता नुसत्या हवेनं निघत नाही, म्हणून आता चिपजवळून थेट पाणी किंवा दुसरा द्रव फिरवतात. तेवढ्याच जागेतली हवा जेवढी उष्णता उचलते, त्याच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता पाणी उचलतं.

रॅक कितीही मोठा होवो, पहिली ओळ बदलत नाही. आत गेलेला प्रत्येक वॉट उष्णता होऊन बाहेर येणार आणि तो खोलीबाहेर काढायची सोय आधी करावी लागणार. त्यामुळं पुढच्या वेळी ऑफिसात नवा सर्व्हर येणार असेल, तर त्याच्या किमतीसोबत आणखी एक प्रश्न विचारून ठेवा. लाइट गेल्यावर सर्व्हर किती वेळ चालेल हे ठीक आहे, पण तेवढा वेळ एसी कशावर चालणार?